अंगलट आणि अंगलटीला

"बाई, प्रकरण अंगलट आलं असं तुम्हीच लिहून दिलंय. म्हणजे तुमचा डाव तुमच्यावरच उलटला. मग आम्ही इथे कशाला बसलोय?"

वकील हसले. शेजारचे पुण्याचे फादर हसू दाबत कागदाकडे बघू लागले. समोर खुर्ची रिकामी होती. बस, असं कोणी म्हणालं नाही. त्या खोलीची फरशी मी रोज पुसायचे. तिथे आपणहून बसायची माझी छाती झाली नाही.

मुळशीला धरणाच्या काठी चर्चचं प्रार्थनाघर आहे. शहरातले ख्रिस्ती लोक तिथे चार दिवस मौन पाळायला येतात. मी तिथे सहा वर्षं स्वयंपाक केला. एका दुपारी तिथल्या मोठ्या फादरांनी मला कोठीच्या खोलीत धरलं. मी ढकलून सुटले. दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, चहात साखर कमी पडली. जसं काही घडलंच नव्हतं.

मी तक्रार केली. तिथल्याच ऑफिसातल्या कारकुनाने जबाब घेतला. मी म्हणाले, "फादर माझ्या अंगलटीला आलं." बाप्या बाईशी झोंबला की आमच्याकडे हाच शब्द. कारकून शहरातला, त्याने तो शुद्ध करून टाइप केला, 'सदर प्रकरण माझ्या अंगलट आले.' वाचूनही दाखवलं. मी दहावी पास आहे. पण आपल्या अंगाबद्दल परक्या पुरुषाच्या तोंडून ऐकायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. मी पदर कानावर ओढला, व्हय व्हय म्हटलं आणि सही ठोकली. त्या सहीची लाज मला आजही वाटते.

चौकशीला पुण्याहून हे तिघं आले होते, वकील, एक फादर आणि एक बाई. त्यातल्या बाई जरा मायेने बोलल्या. गैरसमजातून तक्रार झाली असं लिहून दे, नोकरी राहील, म्हणाल्या. माफीनाम्याचा कागद तयारच होता. मी पेन हातात घेतलं. मग त्या म्हणाल्या, "फादरांना आम्ही कितीतरी वर्षं ओळखतो. ते तसे नाहीत."

पेन हातातच राहिलं. हे वाक्य माझं होतं. माझ्यावर हे येण्याआधी तिथे भांडी घासायला सुशीला होती. ती एकदा चुलीपाशी बसून रडली, मोठ्या फादरांचं नाव घेतलं. मी तिला म्हणाले होते, "फादर देवमाणूस हाय. तुजंच कायतरी असंल." माझी चौकशी तेवढ्यात उरकली. काय झालं, कुठे झालं, काही विचारलं नाही. आठवड्यात ती काम सोडून गेली आणि मी तिच्या जागेवर दुसरी बाई शोधून दिली. त्या तिघांपेक्षा मी कुठे वेगळी होते?

मी खुर्ची ओढली आणि बसले.

"ह्यो शब्द माझा न्हाई," मी म्हणाले. "मी अंगलटीला म्हणलं हुतं."

वकील म्हणाले, एका अक्षरासाठी एवढं काय. मी म्हणाले, "त्याच अक्षरावर तुमी मला खोटी पाडलीत न्हवं?"

मी कोरा कागद मागितला. पुण्याचे फादर म्हणाले, अशी पद्धत नाही. मग त्यांच्याच माफीनाम्याच्या पाठीमागे मी लिहिलं. कोठीची खोली, दुपारची वेळ, कुठल्या हाताने धरलं, सगळं. अक्षर वाकडं आलं. त्याचा फोनमध्ये फोटो काढला आणि कागद त्यांच्यापुढे ठेवला.

नोकरी गेली. परवा सुशीलाच्या दारात गेले. तिने मला आत घेतलं नाही. "आता आटवली व्हय मी?" एवढंच म्हणाली. बरोबर बोलली. तिची माफी मागितली, तिने ती दिली नाही.

उद्या पौडला पोलीस ठाण्यात जाणार आहे. खरं-खोटं करायचं तर जरूर करावं. मला दहा वेळा विचारावं, फादरांनाही तितकंच विचारावं. मी मात्र पदर खांद्यावर ठेवून बसणार. माझा जबाब पोलिसांनी मला मोठ्याने वाचून दाखवायचा, आणि एक शब्द जरी माझा नसला तरी सही मिळणार नाही.