चरखीवाली गन

ती चोरी आठवली की मला आजही हसू फुटतं. त्या दिवशी मात्र कारखान्याच्या मालकीणबाई आमच्या पोलीस ठाण्यात रडकुंडीला आल्या होत्या. रामघाटावरचं, पिढ्यान्‌पिढ्या इकडे उत्तरेत राहिलेलं मराठी कुटुंब, गाड्यांच्या बॉडी बांधायचा वडिलांपासूनचा धंदा. फिरत्या दवाखान्याची ॲल्युमिनियमची बॉडी अर्धी जोडून झाली होती आणि वेल्डिंगची गनच गायब.

"भाऊ, लोखंड जोडायची गन आहे हो, पण ॲल्युमिनियमला ती चालत नाही. परवा गाडी दिली नाही तर ऑर्डर जाईल, मग कारखाना बंदच समजा."

खबऱ्यानं सांगितलं, जुना मिस्त्री गमछ्यात काहीतरी गुंडाळून नावेत बसताना दिसला. बाईंनी त्याला "ॲल्युमिनियम तुझ्याच्यानं व्हायचं नाही" म्हणून नवा मिस्त्री ठेवला, तेव्हापासून हा रुसून घरी बसला होता. झडतीत काहीच मिळालं नाही. चौकशीतही पठ्ठ्याचं एकच पालुपद: "साहब, हम लोहेवाले आदमी. अलमुनिया कभी छुआ ही नहीं."

आवाज चढवून उपयोग नव्हता. मी त्याला कारखान्यात नेलं. या कामात कोणकोणत्या चुका होतात ते नव्या मिस्त्रीकडून आधीच शिकून घेतलं होतं. लोखंडाच्या गनमध्ये ॲल्युमिनियमची तार घातली, सीओटूचा सिलिंडर लावला, पत्रा ब्रशनं न घासताच गन ओढत सुटलो. सांधा काजळीनं काळाकुट्ट झाला.

जुना मिस्त्री चुळबुळला. मी पुन्हा ओढली.

"साहब, खींचिए मत, धकेलिए. और आर्गन लगाइए, ये गैस लोहे की है."

मी ऐकलंच नाही. थोड्याच वेळात मऊ तार आत गुंतून बसली. आता मात्र त्याचा संयम संपला.

"अरे हटिए. इसमें चरखीवाली गन लगती है, तार की चरखी गन पर ही रहती है. उस पार रखी है, मैं लेके आता हूँ."

मग तोच हसायला लागला. "फँसा दिया न, साहब?"

शिकण्यासाठीच नेली होती त्यानं. पलीकडच्या काठावर भावाच्या दुकानात भंगाराच्या पत्र्यावर हात बसवत होता. गन आली, आर्गॉन लागला, आणि त्यानं ओढलेला, चुकलो, ढकललेला पहिला सांधा बघून बाई म्हणाल्या, "आधी बोलला का नाहीस रे?" दोन्ही मिस्त्रींनी मिळून गाडी वेळेत पुरी केली. बाईंनी तक्रारीचा अर्ज मागे घेतला. नियमावर बोट ठेवणारे नाक मुरडतील, मुरडोत.

त्यानंतर मी संशयितांना प्रश्न कमी विचारू लागलो. त्यांचंच काम त्यांच्यासमोर बिघडवायचं, पुष्कळदा तेवढ्यानं भागत असे.

परवा तो दवाखाना भोसले घाटाकडच्या रस्त्याला उभा दिसला. म्हाताऱ्याकोताऱ्यांची रांग लागली होती. मी सांध्यावरून बोट फिरवत होतो, तर नर्सबाईंनी विचारलं, "काय बघताय, काका?"

"माझ्या केसचा मुद्देमाल," मी म्हणालो.