घरातली सगळ्यात गरजेची वस्तू

माझी जीभ तिखट. सासरी-माहेरी सगळ्यांना हे ठाऊक होतंच. चेन्नईत ते सहावीच्या वर्गाला सगळ्यात आधी कळलं. नवऱ्याची नोकरी शोळिंगनल्लूरला, म्हणून आम्ही साताऱ्याहून इथे आलो आणि मी जवळच्या कोवलम या कोळ्यांच्या गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायला लागले. माझं तमिळ तोडकंमोडकं, त्यामुळे वर्ग धाकावरच चालायचा.

त्या आठवड्यात नामांचे प्रकार घेतले होते. विशेषनाम, सामान्यनाम, समूहवाचक नाम, सगळं पोरांना तोंडपाठ. पण हाताला लागणाऱ्या वस्तूचं नाम कुठलं आणि भीती, दया असं हाताला न लागणारं कुठलं, यात रोजचा घोळ. शेवटी वैतागून मी फर्मान काढलं, "उद्या प्रत्येकाने घरातली सगळ्यात गरजेची वस्तू आणायची. जिच्यावाचून घर अडेल अशी. पेन-पट्टी आणून वेळ मारून नेलीत, तर अख्खा तास बाकावर उभं करीन!"

दुसऱ्या दिवशी एकाने कॉफीचा फिल्टर आणला, एकीने आजोबांचा चष्माच उचलून आणला. हसून हसून पुरेवाट झाली. मग तिसऱ्या बाकावरची, कधी तोंड न उघडणारी कोवलमची मुलगी उठली. तिच्या हातात जुन्या मोबाइलएवढा काळा डबा होता.

"जीपीएस, मिस. अप्पांच्या बोटीवरचं."

तिने बटण दाबलं. पडद्यावर ठिपके उमटले. मासे मिळतात त्या जागा म्हणे. मग किनाऱ्यावरच्या एका ठिपक्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "हे आमचं घर."

"आणि अप्पा कुठे आहेत?"

"समुद्रात, मिस. पहाटेच गेले."

मी बाहेर पाहिलं. खिडकीतून रोज दिसणारी समुद्राची निळी पट्टी गायब होती. पावसाने सगळं पांढरं करून टाकलं होतं.

"न विचारता उचलून आणलंस? अक्कल गहाण टाकलीस की काय?" मी ओरडले. ती काहीतरी सांगू पाहत होती. मी म्हटलं, "गप्प बस." ती खाली बसली.

मग तास कसा संपला, देव जाणे. फळ्यावर अक्षर धड उमटेना. मधल्या सुट्टीत तिच्या आईला फोन लावून दिला. दहा-अकरापर्यंत परतणारी बोट बारा वाजले तरी आली नव्हती. अप्पांचा फोन किनारा सुटला की लागत नाही. पोरगी फोन ठेवून माझ्याकडे बघत राहिली, आणि मला तिच्याकडे बघवेना. या माणसाला काही झालं तर? पोरीने डबा आणला खरा, पण आणायला लावला कुणी?

शाळा सुटल्यावर मी तिच्याबरोबर बसने कोवलमला गेले. पाऊस थांबला होता, पण दूरचं काही दिसत नव्हतं. तिची आई वाळूत उभी होती. मला वाटलं, आता ही मला फाडून खाणार. तिने घरातून लाल प्लास्टिकचं स्टूल आणलं, पदराने पुसलं आणि माझ्यापुढे ठेवलं. मला त्यावर बसवेना. उभ्याउभ्या मी साताऱ्याच्या सगळ्या देवांना नवस बोलून घेतले. एक बोट आली, ती दुसऱ्याची. पुन्हा एक आली, तीही दुसऱ्याचीच. आई समुद्रावरची नजर काढत नव्हती आणि तेच मला सोसत नव्हतं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

चार वाजून गेल्यावर पोरगी एकदम धावत सुटली. "अप्पा!"

बोट वाळूला लागली. तो उतरला, नखशिखांत भिजलेला, डोळे लाल झालेले. किनारा दिसेनासा झाल्यावर इंजिन बंद करून नुसता थांबून राहिला होता, किनारा पुन्हा दिसेपर्यंत, कितीतरी वेळ. मी पुढे होऊन पर्समध्ये जपून ठेवलेला डबा त्याच्या हातात दिला आणि येईल तशा तमिळमध्ये म्हटलं, "माफ करा. पोरीने तुम्हाला न विचारता..."

त्याने मान हलवली. तो हळूहळू बोलला, मला समजावं म्हणून.

"मीच दिला, मिस. ती नको नको म्हणत होती. पण तुम्ही उभं करणार होतात ना तिला."

त्याने डबा लुंगीला पुसला, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि डबा पुन्हा माझ्यापुढे धरला.

"धडा झाला का, मिस? की उद्याही पाठवू?"