बाजूला बसण्याचे दिवस

"पाळी जाऊन सहा वर्षं झालेली, वर्षभर रक्त जातंय, आणि तुम्ही आज येताय?" डॉक्टरबाई चिडल्या होत्या. समोर बायोप्सीचा, म्हणजे गर्भाशयातला बारीक तुकडा काढून केलेल्या तपासणीचा, रिपोर्ट होता. एंडोमेट्रियल कॅन्सर. गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा कर्करोग.

काय सांगणार? वर्षभर मी बाजूला बसत होते.

आमच्या बिडकीनच्या घरात पाळीतली बाई चार दिवस चुलीला, देवाला शिवत नाही. पहिला डाग दिसला तेव्हा मी थोरल्या जाऊबाईंना, आक्कांना सांगितलं. "परत आली व्हय गं? लई नशीबवान हायेस, अंग अजून तरणं हाय," म्हणत त्यांनी माझं ताट-तांब्या वेगळा काढला. मीही बावळट, मनातून सुखावले. चाराचे आठ दिवस होऊ लागले, तरी मी आपली कोपऱ्यातच. त्या रक्ताला घरात ठरलेली जागा होती, मग शंका कुणाला येणार?

ऑपरेशनमध्ये गर्भाशय, अंडाशय सगळं काढलं. मग शेक, म्हणजे रेडिएशन. त्या खोलीत एकटीला ठेवून दार लावत, तेव्हा जीव जाईल अशी भीती वाटे. आणि स्वतःचाच संताप येई.

डॉक्टरबाईंचं वाक्य तेवढं लक्षात ठेवा, बायांनो. "पाळी थांबून वर्ष झाल्यावर एक डाग पडला तरी तो नॉर्मल नाही. दरवेळी कॅन्सर नसतो, पण तपासायचंच." त्या रागावल्या म्हणून मी आज आहे.

घरी हे सांगितलं तेव्हा आक्का मेथी निवडत होत्या. त्यांचे हात थांबले.

"मला बी जातंय," त्या हळूच म्हणाल्या. "तुझ्या आधीपासनं. ह्या वयात सुनांपुढं बाजूला कशी बसू? तशीच देवाला शिवते. लई पाप झालं गं."

त्यांना भीती होती ती पापाची. तपासणी केली तेव्हा आजार पोटात सगळीकडे पसरलेला निघाला.

काल त्यांना शेकासाठी शहरात नेलं. बाहेरच्या बाकावर त्या अगदी टोकाला, पदर आवरून, कुणाचा धक्का लागणार नाही अशा बसल्या. मी सरकून त्यांना खेटून बसले.

"नको गं, शिवू नको," त्या म्हणाल्या.

मी त्यांचा हात घट्ट धरला. नाव पुकारेपर्यंत सोडला नाही.