मडक्यातली शतावरी

नोकरीतली कितीतरी प्रकरणं डोक्यातून पुसली गेली. हे एक जात नाही, आणि जाऊही नये. कारण यात चुकलो तो मी.

नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मी ठाणेदार होतो. एका गावातली अठरा दिवसांची बाळंतीण उलट्या करत, तोंडाला फेस आलेल्या अवस्थेत अमरावतीच्या दवाखान्यात नेली आणि तिथंच गेली. आम्ही मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल केला. त्याच दिवशी ठाण्यात निनावी फोन आला की दुसरीही मुलगीच झाली म्हणून सासूनं विष दिलं. माहेरच्यांचंही तेच म्हणणं होतं.

आपल्याकडे बाळंतिणीचं खाणं वेगळं असतं, घरातलं दुसरं कोणी ते चाखत नाही. त्यामुळे बाकीचे सगळे धडधाकट होते. सासू शतावरीची भुकटी दुधात घालून स्वतः पाजायची. पंचांसमक्ष भुकटीचा डबा जप्त केला, सील करून प्रयोगशाळेत पाठवला. अहवालात कीटकनाशक निघालं. घरात कपाशीवर फवारायचं औषध होतंच. आणखी काय पाहिजे होतं मला? सासूला अटक केली.

चौकशीत ती रडली नाही, याचाच मला राग आला. तिचा एकच धोशा होता, 'म्या नाई देल्लं'. तयार भुकटीत भेसळ असते, म्हणून तिनं अकोल्याहून अख्ख्या मुळ्या आणल्या होत्या. धुतलं की सत्त्व जातं, म्हणून न धुता कुटल्या होत्या.

"मुळ्या अजून मडक्यात हायेत सायेब. त्या काहून नाई नेल्या?"

आरोपीनं मला तपास शिकवावा? मी टेबलावर हात आपटून तिला गप्प केलं. तिची रवानगी जेलात झाली.

दोन महिन्यांनी अकोल्याच्या एका डॉक्टरांचा फोन आला, त्यांनी आमची केस पेपरात वाचली होती. त्यांच्याकडेही एक बाळंतीण, तीच लक्षणं, घरी शतावरी. ती वाचली होती. त्याच दिवशी मडक्यातल्या मुळ्या तपासणीला पाठवल्या. विष मुळ्यांच्या सालीवर होतं आणि त्या घरातल्या फवारणीच्या औषधाहून वेगळं होतं; हे मी आधी ताडून पाहिलंच नव्हतं. दोन्ही घरच्या मुळ्या एकाच दुकानातल्या निघाल्या. तिथल्या पोत्यांतही तेच सापडलं. कीड लागू नये म्हणून जडीबुटीवाल्यानं पावडर भुरभुरवली होती. लोक धुऊनच खात असतील, असं तो मला शांतपणे सांगत होता.

अहवाल विष कोणतं ते सांगतो. ते आलं कुठून, हे पोलिसानं शोधायचं असतं. एवढं शिकायला मला एका बाईला जेलात पाठवावं लागलं.

ती सुटल्यावर मी स्वतः तिच्या घरी गेलो. धाकटी नात मांडीवर होती, बाटलीनं दूध पीत होती. मी म्हणालो, मावशी, तुमचा काही दोष नाही, विष मुळ्यांवरच होतं. तिनं बाटली बाजूला ठेवली.

"म्हंजे म्याच पाजलं नं तिले, रोज?"

इतके महिने ती 'म्या नाई देल्लं' एवढ्याच एका वाक्यावर जगली होती. तेही मी त्या दिवशी काढून घेतलं.