कट न म्हणणारा माणूस

दुपारचा डाळभात झाल्यावर शालिनी खांबेटे टॉलीगंजच्या एडिटिंगच्या खोलीत टेबलावर डोकं टेकते आणि स्वतःला बजावते, की आपण झोपत नाही आहोत, नुसते डोळे मिटले आहेत. उभा जन्म कोलकात्यात गेला, तरी या सांगलीच्या बाईला दुपारी झोपायची लाजच वाटते. पण पंख्याचा आवाज हळूहळू लांब जातो, पडद्यावर थांबवून ठेवलेलं चित्र पापण्यांच्या आत येऊन बसतं आणि शेजारची खुर्ची कुरकुरते. त्या खुर्चीवर परिमलदा बसले आहेत. ते दुर्गापूजेच्या आधीच वारले, हे शालिनीला पक्कं ठाऊक आहे. तरी ती उठून पंखा कमी करते, कारण त्यांना वारा सोसत नाही.

परिमल लाहिरींनी जन्मभर पुस्तकांवरून चित्रपट केले, एकही गोष्ट स्वतः रचली नाही. पहिला चित्रपट एका स्टेशनमास्तरच्या बायकोच्या कथेवरचा. थिएटरात माणसांपेक्षा रिकाम्या खुर्च्याच जास्त होत्या. मग चहामळ्यातली कादंबरी आली, मग मोडलेल्या नाटक कंपनीची, आणि हळूहळू परदेशातून बोलावणी येऊ लागली. टीकाकार म्हणत, हा माणूस दुसऱ्याच्या चुलीवर आपली पोळी भाजून घेतो. परिमलदा हसून म्हणत, चूल त्यांची, पीठही त्यांचंच, मी फक्त करपू देत नाही.

पुस्तक ते वर्षभर वाचत, आणि चित्रीकरण सुरू झालं की घरी ठेवून येत. सेटवर कुणाच्या हातात ते दिसलं, तर त्याची धडगत नसे. आणि 'कट' हा शब्द या दिग्दर्शकानं आयुष्यात उच्चारला नाही. प्रसंग संपला तरी कॅमेरा चालू राही आणि परिमलदा त्या जागेचं पुस्तकातलं वाक्य स्वतःशी पुटपुटत. वाक्य संपलं की पाठ फिरवत. मग कॅमेरामन थांबे. हे पुटपुटणं कच्च्या ध्वनिमुद्रणात उतरे आणि एडिटिंगला बसलेल्या शालिनीला ऐकू येई. वाक्य जिथे संपेल, तिथे ती शॉट तोडी. प्रेक्षकांना ते कधी ऐकू आलं नाही, शेवटी ते पुसूनच टाकायचं असे. पण त्यांच्या चित्रपटांच्या ज्या संथ लयीचं जगानं कौतुक केलं, ती लय या पुटपुटण्याची होती, आणि हे जाणणारी एकटी शालिनी. तिला याचा गर्व आहे, आणि तो ती लपवतही नाही.

आता त्यांचा शेवटचा चित्रपट तिच्यापाशी अडला आहे. होड्या बांधणाऱ्या एका कारागिराच्या विधवेची गोष्ट, सरोजबाला घोषाल नावाच्या, लोक कधीच विसरून गेलेल्या लेखिकेची. शेवटच्या शॉटमध्ये ती विधवा घराला कुलूप लावते, किल्ली शेजारणीला देते आणि नदीच्या काठाकाठानं चालू लागते. चालतच राहते. आणि या एका शॉटवर पुटपुटणं नाही, नुसता वारा आहे. शालिनीनं तो आखूड केला, लांब केला, परत आखूड केला. कुठेही थांबवला तरी तो मध्येच तुटल्यासारखा दिसतो. उद्या निर्माता चित्रपट घेऊन जाणार. जागा चुकली, तर परिमलदांचा शेवटचा शब्द आपणच खाल्ला, ही बोच तिला मरेपर्यंत राहणार आहे.

"तुमच्यावर मी रागावले आहे," ती खुर्चीकडे न बघता म्हणते. "वाक्य न सांगता गेलात."

"आधी पंगत वाढूया की," परिमलदा म्हणतात. "मंडळी खोळंबलीत." जिवंतपणी त्यांचं मराठी 'जेवलीस का'च्या पुढे कधी सरकलं नाही, आणि आता चक्क शालिनीच्या वडिलांसारखे सांगलीच्या हेलात बोलताहेत. तिला याचं काही नवल वाटत नाही.

दार उघडतं ते चित्रपट दाखवायच्या छोट्या थिएटरात. खुर्च्या काढून टाकल्या आहेत आणि केळीची पानं मांडून लेखक मंडळी जमिनीवर बसली आहेत, परिमलदांनी ज्यांच्या पुस्तकांवर चित्रपट केले ती सगळी. स्टेशनमास्तरच्या कथेचे लेखक शेवट बदलला म्हणून वर्षानुवर्षं अबोला धरून होते. ते आता पान पुढे सरकवून आणखी भात मागताहेत. परिमलदा वाकून वाढतात. कुणाला किती लागतं, ते त्यांना न विचारता कळतं. शालिनी मागून वरण वाढत येते. आपण जन्मभर हेच तर केलं, तिच्या मनात येतं, आणि तिला एकदम भरून येतं. असा वाढपी पुन्हा होणे नाही.

शेवटच्या पानावर सरोजबालाबाई आहेत. त्या पानावर हात आडवा धरतात.

"मला पुरे," त्या म्हणतात. "माझं पुस्तक त्या कुलपापाशीच संपलं. पुढे ती कुठे गेली, ते मलाही ठाऊक नाही."

एवढं सांगून त्या हात धुवायला उठतात, आणि त्या वाकतात तिथे नदी आहे. नदी कृष्णा आहे, घाट सांगलीचा आहे आणि पलीकडच्या काठानं कोलकात्याची ट्राम चालली आहे. अलीकडच्या काठानं ती विधवा बोचकं काखेत धरून चालली आहे. परिमलदा तिच्याकडे बघत उभे आहेत. ओठ हलत नाहीत.

"या शॉटला तुम्ही गप्प का होतात?" शालिनी विचारते. "मला वाटलं, तुमचा दम संपला."

"पुस्तक संपलं होतं," ते म्हणतात. "बाई संपली नव्हती. मग मी कुणाचं वाक्य म्हणणार? आयुष्यात पहिल्यांदा नुसता बघत राहिलो, शालिनी. फार बरं वाटलं."

त्यांचा चेहरा इतका निवांत तिनं कधी पाहिला नव्हता, आणि तिचा राग विरघळतो. पण उद्या निर्माता येणार हे तिला स्वप्नातही विसरता येत नाही. मग मी कुठे तोडू, असं ती विचारते. विधवा लांब जाते, आणखी लांब. जन्माची सवय जाते कुठे! शालिनीचा उजवा हात शॉट तोडायचं बटण दाबायला आपसूक उठतो, तिथे वाळूत बटण नसताना. आणि इतक्या वर्षांत नमस्कारापलीकडे जवळ न आलेले परिमलदा तिचं मनगट घट्ट धरतात. पकड उबदार आहे.

"अजून नाही," ते म्हणतात.

पंखा गरगरतो आहे. शेजारची खुर्ची रिकामी आहे. शालिनी डोकं उचलते आणि उजव्या हाताकडे बघते. मनगटावर चार बोटांच्या लालसर खुणा आहेत, आणि आतल्या बाजूला अंगठ्याची.

ती मनगट चोळत नाही. ती शेवटचा शॉट पहिल्यापासून सुरू करते आणि पडद्याकडे न बघता हाताकडे बघत बसते. कुलूप लागल्याचा आवाज येतो, शेजारीण काहीतरी बोलते, मग वारा. अंगठ्याची खूण आधी जाते. मग बोटांच्या खुणा एकेक करून फिकट होतात. विधवा चालते आहे, वारा वाहतो आहे, आणि शालिनीच्या डोळ्यांतून पाणी येतं, ते ती डाव्या हातानं पुसते. करंगळीची खूण तेवढी बराच वेळ राहते. ती कातडीच्या रंगात मिसळून जाते, तेव्हा शालिनी बटण दाबते.