पुसलेली लाल खूण

आमच्या घरात जुन्या गाडीची एक गोष्ट अजून सांगितली जाते. आजोबांनी, म्हणजे मी, गाडी अगदी नेमक्या वेळेला विकली, थोडे दिवस थांबले असते तर ती आमच्याच हातात मोडली असती, अशी ती गोष्ट. मागच्या दिवाळीत नातू आपली गाडी दुरुस्त करावी की बदलावी, या विचारात होता. सून त्याला म्हणाली, "आजोबांना विचार. कधी सोडायचं ते त्यांना बरोबर कळतं." सगळे हसले. मीही हसलो. हातातली चिवड्याची बशी खाली ठेवली आणि आत जाऊन बसलो.

मला काही कळलं नव्हतं. मला सांगितलं गेलं होतं. आणि ज्याने सांगितलं, त्याचं नाव मी खराब केलं. आता ते लिहून ठेवतो.

ती राखाडी गाडी मी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला एका डॉक्टरांकडून घेतली. तेव्हाच ती जुनी होती. मागच्या दाराची काच हाताने ओढून वर धरावी लागे. पहिल्या दिवसापासून तिचं सगळं काम पंचवटीत, दिंडोरी नाक्याजवळच्या एका मिस्त्रींकडे होई. मिस्त्री माझ्यापेक्षा बरेच मोठे, उंच, आणि बोलायला अगदी कमी. त्यांची उमेदीची वर्षं देवळालीच्या लष्करी वर्कशॉपमध्ये गेली होती आणि तिथली एक सवय त्यांना कायमची लागली होती. गाडीत धोक्याचं काही दिसलं की ते त्या जागेवर लाल ऑइलपेंटची बोटभर रेघ ओढत. काम झालं की ती रेघ स्वतः पुसत. गिऱ्हाईक "पुढच्या वेळी बघू" म्हणालं तर रेघ तशीच राही.

"पुसायची नाही हं साहेब," ते म्हणत. "गाडी कुणाच्याही हातात जाऊ दे, त्याला दिसली पाहिजे."

दिंडोरी-वणीच्या रस्त्यावर गावोगाव हे माहीत होतं. तिकडे द्राक्षबागा वाढत होत्या, ट्रॅक्टर येत होते, कुणी जुनी जीप घेत होतं. वापरलेलं वाहन घेताना लोक आधी विचारत, "मिस्त्रींच्या हातचं आहे का?" हो म्हटलं की खाली वाकून बघत. लाल दिसलं नाही की सौदा पक्का. कागदापेक्षा त्या खुणेवर त्यांचा विश्वास होता.

ऐंशीच्या दशकात नवी छोटी गाडी निघाली. लोक नाव नोंदवून वाट बघत बसत. मीही नोंदवलं होतं आणि विसरून गेलो होतो. एके दिवशी पत्र आलं, की तुमचा नंबर लागला आहे, पंधरा दिवसांत कळवा. माझी द्विधा मनःस्थिती झाली. जुनी गाडी चालत होती. पण अंबडच्या कारखान्यात मी जिथे कामाला होतो तिथे रोज कुणीतरी विचारायचं, "काय साहेब, आज गाडीने तुम्हाला आणलं की तुम्ही गाडीला?" आणि जुनी विकल्याशिवाय नवी घेणं मला जमणार नव्हतं.

मी गाडी मिस्त्रींकडे नेली. म्हटलं, "तुम्हीच सांगा. ठेवू की काढू?"

ते अर्धा तास गाडीखाली होते. लाल रंगाचा ब्रश घेऊन बाहेर आले, पाठ सरळ करत म्हणाले, "इंजिन अजून पाच वर्षं ओढेल. पण स्टिअरिंगचा डबा चासीला जिथे बसतो ना, तिथे तडा गेलाय."

"म्हणजे?"

"म्हणजे एक दिवस तुम्ही चाक वळवाल आणि गाडी सरळ जाईल."

"दुरुस्त होईल?"

"न व्हायला काय झालं? सगळं उतरवून, आतून पट्टी मारून वेल्डिंग करायचं. पण पुढे चार ट्रॅक्टर उभे आहेत. तीन-चार आठवडे गाडी ठेवून जा." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ठेवायची असली तरी काम करा, विकायची असली तरी करा. केल्याशिवाय विकू नका."

"बघतो," म्हणालो. माझ्या डोक्यात पंधरा दिवसच फिरत होते. निघताना त्यांनी सांगितलं, की भाचीच्या लग्नाला मनमाडला जातोय, आठ दिवस गॅरेज बंद आहे. त्यांनी ते माझी सोय म्हणून सांगितलं होतं. मीही त्याचा उपयोग सोय म्हणूनच केला, फक्त वेगळा.

कारखान्यातल्या एकाने दिंडोरीकडच्या एका बागायतदाराचं नाव सुचवलं होतं. पुढच्या रविवारी दुपारी चारला त्याला बोलावलं. त्या दिवशी जेवणं झाल्यावर अंगणात जुनी चादर अंथरली आणि रॉकेलचा बोळा घेऊन गाडीखाली शिरलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्या गाडीची खालची बाजू बघत होतो. रेघ उजव्या बाजूला होती, स्वच्छ आणि सरळ. तिच्या शेजारी केसासारखा बारीक तडा. रंग लवकर निघत नव्हता. मी घासत राहिलो. रंग निघाल्यावर ती जागा फार स्वच्छ दिसायला लागली, म्हणून तिच्यावर माती चोळली.

बाहेर आलो तर बायको दारात उभी होती. "अहो, हे लाल काय?" तिने बोळ्याकडे बोट दाखवलं.

"गंज आहे."

"गंज इतका लाल असतो?"

 तिने बोळा माझ्या हातातून घेतला आणि कचऱ्यात टाकला. तिने पुन्हा कधी विचारलं नाही, आणि ती वारली तोवर मी तिला सांगितलं नव्हतं.

बागायतदार वेळेवर आला. पांढरा पायजमा, पांढरी टोपी, माझ्याच वयाचा.

"गाडी मिस्त्रींच्याच हातची ना?"

"त्यांच्याच. पण ते लग्नाला गेलेत."

"मंग मीच बघतो की. साहेब, जरा धरता का?" त्याने टोपी काढून माझ्या हातात दिली आणि त्या पांढऱ्या कपड्यांनिशी चादरीवर आडवा झाला. बॅटरी लावून तो इकडून तिकडे सरकत होता. मी त्याची टोपी धरून उभा होतो. तो जसजसा उजव्या बाजूला सरकत गेला, तसतशी माझ्या बोटांत टोपीची घडी चुरगळत गेली.

"लाल काय नाय," तो आतूनच ओरडला. बाहेर येऊन हसला. "झालं मंग. माह्या आईला वणीला न्यायची हाय, सप्तशृंगीला. गुडघे लय धरलेत तिचे, बसमधी चढता येत नाय. म्हणती, गाडी आण नायतर खांद्यावर ने."

तेव्हा मी सांगू शकलो असतो. एक वाक्य पुरेसं होतं. मी टोपी सरळ करून त्याला परत दिली.

द्राक्षांची तोडणी संपल्यावर तो आईला घेऊन निघाला. दिंडोरीच्या पुढे एका वळणावर त्याने चाक वळवलं आणि गाडी सरळ गेली. बाभळीला धडकून थांबली. घाट अजून लागला नव्हता आणि वेग कमी होता, म्हणून कुणाचा जीव गेला नाही. म्हातारीचं खुब्याचं हाड मोडलं.

चार दिवसांनी तो गावच्या तिघा-चौघांना घेऊन माझ्या दारात आला. हात प्लॅस्टरमध्ये होता. "साहेब, चला. मिस्त्रीला इचारायचंय." मी गेलो.

गॅरेजसमोर दोन ट्रॅक्टरवाले बसले होते, तेही उठून जवळ आले. बागायतदार म्हणाला, "मिस्त्री, साहेबांची गाडी तुम्ही पाह्यली व्हती का नाय?"

"पाहिली होती."

"मंग खूण कुठं गेली? मी सोता आडवा पडून पाह्यलंय."

"खूण मी केली होती. साहेबांना सांगितलंही होतं." त्यांनी अगदी सहज माझ्याकडे बघितलं. मी नुसती मान हलवायची, एवढंच त्यांना अपेक्षित होतं.

मी म्हणालो, "इंजिन चांगलं आहे, असं म्हणाला होतात. तड्याचं काही बोलल्याचं मला आठवत नाही. खूणही दिसली नाही."

 मिस्त्री हातातल्या फडक्याने एकेक बोट पुसत राहिले.

"नक्की, साहेब?"

"नक्की."

"मग राहिली असेल माझ्याकडून." ते बागायतदाराकडे वळले. "साहेब खोटं बोलायचे नाहीत. वय झालं माझं."

मागून कुणीतरी म्हणालं, "डोळे गेले तर गॅरेज कशाला उघडता वो?" त्यावर दोघे हसले. 

ते मला वाचवत होते, असं पुष्कळ वर्षं मी स्वतःला समजावलं. तसं असतं तर मला थोडं बरं वाटलं असतं. पण तसं नव्हतं. कारखान्यातला एकजण त्यांच्याकडे स्कूटर न्यायचा, तो सांगायचा, मिस्त्री हल्ली बिघडलेत. रेघ ओढतात आणि शेजारच्या टायरवाल्याला हाक मारतात, "बघ रे, दिसतेय ना?" गिऱ्हाईक निघालं की रस्त्यापर्यंत मागे येऊन विचारतात, "मी तुम्हाला सांगितलं ना?" त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता, आणि त्यासाठी स्वतःच्या हातावरचा विश्वास सोडून दिला होता.

दिंडोरीकडची कामं थांबली. दीडेक वर्षात गॅरेज बंद झालं. मी नव्या गाडीतून दोन-तीनदा त्या रस्त्याने गेलो, मग वाट बदलली. बायको दर दिवाळीला म्हणायची, "मिस्त्रींना फराळ नेऊन द्या." मी डबा कुणाच्या तरी हाती पाठवायचो. ते वारल्याचं मला महिन्याने कळलं.

त्या दिवाळीनंतर मी त्या बागायतदाराच्या गावी गेलो. तो राहिला नाही. त्याचा मुलगा भेटला, त्याच्याही मिश्या पांढऱ्या झाल्यात. ओट्यावर बसून त्याला सगळं सांगितलं. रॉकेलचा बोळा, माती, टोपी, सगळं. तो मग म्हणाला, "बाबा, आजी नऊ वर्षं खाटंवर व्हती. मिस्त्रीला शिव्या देत देतच गेली. आमच्या गावात आजबी कुणाच्या नजरंतून काय सुटलं तर म्हणत्यात, मिस्त्री झाला का रे?"

"म्हणूनच आलो. माझं चुकलं, हे तुमच्यापाशी सांगायला."

"माझ्यापाशी सांगून काय व्हनार?" तो रागावला नव्हता, नुसता थकल्यासारखा बोलला. "त्या मान्साला चार लोकांसमोर आंधळा ठरवलं ना? मंग चार लोकांसमोर सांगा."

त्याने चहा मागवला, पण माझ्याबरोबर घेतला नाही.

तर हे वाचणाऱ्या सगळ्यांसमोर सांगतो. गाडीच्या उजव्या बाजूला, स्टिअरिंगच्या डब्याजवळ, बोटभर लांबीची लाल खूण होती. मिस्त्रींना तडा दिसला होता. त्यांनी रेघ ओढली होती आणि मला तोंडानेही सांगितलं होतं, केल्याशिवाय विकू नका म्हणून. त्यांचे डोळे शाबूत होते आणि हातही. खूण मी पुसली.