पारोसे बेदाणे

जालन्यात अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत मी नमुने घेतो. अंबडच्या बाजूच्या एक काकू घरच्या बेदाण्यांचा डबा घेऊन आल्या. पाहुण्यांकडे न्यायचे असावेत तसे धुऊन, पुसून, एकेक निवडलेले.

"काकू, धुतलेल्या-निवडलेल्यात बुरशीचं विष कळायचं न्हाई. पोत्याच्या वरून, मधून, तळातून, आहेत तसे आणा."

"खराब माल लोकांसमोर ठिवावा का?" त्यांनी पदरानं डबा पुन्हा पुसला.

"इथं ठेवावाच लागतो."

त्या डबा घेऊन उठल्या. आम्ही बंद करायच्या आत एसटीनं जाऊन परत आल्या. पिशवीत तळातले काळपट, चिकटलेले बेदाणेही होते.

यंत्रानं विष दाखवलं. मी अहवाल समजावला, तेव्हा त्या म्हणाल्या, "वाळवताना पाऊस आल्ता, तवाच शंका आल्ती. पन धुतल्यावर मलाच चांगले दिसून राह्यले. आता खड्डा करून पुरते. न्हाईतर कुनाचं लेकरू खाईल."

यंदा त्या पुन्हा आल्या. डब्यात देठ, काडी, धूळ. "ह्याला पाणी लावलं न्हाई," म्हणाल्या, आणि लेकरू पारोसंच चारचौघांत आणल्यासारख्या ओशाळल्या. डबा मात्र त्यांनी बिलकुल मागं घेतला नाही.